पाचोळा जाळून खत होत नाही

शिशिर सरू लागला, आणि वड, पिंपळ, बदाम यांची पाने अंगणात साचू लागली, की ‘पाचोळा पेटवून द्यावा, राखेचे उत्तम खत होते’ हे विधान सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडून इतक्या निःशंकपणे ऐकावे लागते, की एकदा त्याचा सविस्तर समाचार घेणे भाग आहे. वृक्षाने सूर्यप्रकाशात घडवलेल्या पानातील कर्ब आणि नत्र, म्हणजे ज्यांची आपल्या जमिनीला नेमकी वाण आहे ती द्रव्ये, ज्वाळेबरोबर बहुतांशी वायुरूपाने निघून जातात. मागे उरतो तो चुना, पालाश आणि अल्पसे स्फुरद, आणि त्यातलाही विद्राव्य पालाश वळवाच्या पहिल्याच सरींत वाहून जाण्याचा संभव असतो. शिवाय राख अल्कधर्मी, आणि देशावरची चुनखडीयुक्त काळी जमीन मुळातच अल्कधर्मी. तिच्यावर वर्षानुवर्षे राख लोटण्यात कोणता लाभ आहे, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

यावर कोकणातल्या राबाचा दाखला हटकून पुढे केला जातो. भाताच्या रोपांसाठी तेथे वाफा भाजतात, हे खरे. परंतु तणांचे बी मारणे आणि माती भुसभुशीत करणे हा त्यातील मुख्य हेतू असतो, आणि तेथील जांभ्याची जमीन आम्लधर्मी असल्याने राख तिला मानवते. पुण्यातल्या बंगल्याच्या आवाराला तो दाखला लागू पडत नाही.

जाळण्याऐवजी पाचोळा कुजवावा. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या कृषिसंशोधकांनी काडीकचरा, शेण आणि गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत सिद्ध करण्याची रीत बसवली व १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. घरी तेच तत्त्व पुरते: सुक्या पानांत कर्ब अधिक आणि नत्र कमी असल्याने त्यांत शेण, हिरवे गवत वा भाजीचे देठ मिसळावेत, ओल इतकीच ठेवावी की मूठ आवळली असता हात ओलसर व्हावा पण पाणी गळू नये, आणि ढीग मधूनमधून चाळवावा. साग-फणसाची जाड पाने चुरडून घ्यावीत. तेवढीही सवड नसेल, तर बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून पाने आळ्यात पसरावीत. बाष्पीभवन रोखून ती आपसूक कुजतात.

आपल्या आवारात जाळण्याची मुभा असते, ही समजूतही निराधार आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ च्या हुकमान्वये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली असून साध्या प्रकरणीही ५,००० रुपये दंडाची तरतूद केली आहे.

धुराने डास जातात म्हणावे, तर ते धूर विरेपर्यंतच. त्यांची पैदास साचलेल्या पाण्यात होते. ढीग कुजण्यासाठी विकतचे विरजण अनिवार्य नाही. जुन्या खताची ओंजळ पुरे. ढिगाला दुर्गंधी येते ती ओल फाजील आणि हवा अपुरी असल्याने, सबब तेथे आणखी सुकी पाने घालावीत. आणि सापाची भीती असेल, तर शिजलेले अन्न ढिगात टाकू नये, कारण त्याने उंदीर येतात आणि उंदरांमागून साप.