सहा रात्री, तीन शहरं आणि उरलेले दिवस

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली आणि डोंबिवलीत परदेशवारीच्या गप्पांना ऊत आला. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली, हा तपशील त्या गप्पांत सोयीस्करपणे गाळला जातो. शिळफाट्याची कोंडीही गाळली जाते, कारण ती नकाशात दिसत नाही. पहिल्या परदेशवारीचे बेत नेमके इथेच फसतात. अंतर पाहिलं जातं, वेळ धरला जात नाही. फास्ट चुकून स्लो पकडावी लागली तर मस्टर गाठता येईल की नाही, हे ज्याला झोपेतही सांगता येतं, तोच माणूस बँकॉक ते फुकेत म्हणजे ‘दीड तासाचं तर विमान आहे’ म्हणून मोकळा होतो.

नोव्हेंबर २०२३मध्ये थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट शिथिल केली, तेव्हापासून पहिल्या वारीसाठी हे नाव हमखास पुढे येतं. ठरीव बेत सहा रात्रींचा: दोन पटाया, दोन बँकॉक, दोन फुकेत. यातला एकच दिवस उलगडून पाहू, बँकॉकहून फुकेतला जाण्याचा. नाश्ता उरकून, बॅगा भरून नऊ-साडेनऊला खोली सोडायची. बँकॉकच्या वाहतुकीतून वाट काढत वेळेआधी दोन तास विमानतळ गाठायचा. दुपारी एकच्या सुमारास विमान सुटतं, अडीचला उतरतं, पट्ट्यावरून बॅगा हाती येईपर्यंत तीन वाजतात. तिथून पातोंगचा किनारा गाडीने तासाभरावर. खोलीची किल्ली मिळून तोंडावर पाणी मारेपर्यंत साडेचार-पाच झालेले असतात आणि मुलं कावलेली असतात. गेला दिवस. पटाया ते बँकॉक रस्त्याने दोन-अडीच तासांचंच. पण एक खोली सोडून दुसरी मिळण्यात तीही दुपार जाते. पहिल्या दिवशी माणूस रात्रभर विमानात अवघडून उतरतो, घड्याळ दीड तास पुढे सरकलेलं असतं आणि खोली दुपारी दोनला मिळणार असते. शेवटचा दिवस परतीचा. सात दिवसांतून एवढं वजा केलं की पूर्ण दिवस उरतात तीन. पटाया गाळून दोनच मुक्काम केले तर चार, एकाच जागी राहिलं तर पाच. सुट्टी तेवढीच, आणि खर्च झालाच तर कमी. मे महिन्यात जाणाऱ्यांनी आणखी एक धरावं. फुकेतच्या बाजूचा अंदमान समुद्र साधारण मे ते ऑक्टोबर खवळलेला असतो; फी फी बेटांकडची बोट सुटली नाही आणि हाताशी दुसरा दिवस नसला, तर ती बेटं फोटोतच पाहायची.

हा धावता साचा सामुदायिक सहलींतून आला. केसरी पाटील यांनी १९८४ साली सुरू केलेली ‘केसरी’ काय किंवा वीणा पाटील यांनी २०१३मध्ये उभी केलेली ‘वीणा वर्ल्ड’ काय, इंग्रजीची धास्ती आणि जेवणाची चिंता यांपायी घरी बसलेल्या मराठी मध्यमवर्गाला परदेश दाखवण्यात अशा संस्थांचा वाटा मोठा आहे, तो नाकारण्याचं कारण नाही. पण त्या सहलीत बस हॉटेलच्या दाराशी उभी असते, तिकिटं आधीच काढलेली असतात, जेवायला कुठे जायचं याचा विचार दुसऱ्याने केलेला असतो. घोळ होतो तो स्वतंत्रपणे जाणारे तोच कार्यक्रम जसाच्या तसा उचलतात तेव्हा. बस नाही, सहल व्यवस्थापक नाही, वेग मात्र तोच.

मीना प्रभूंची पुस्तकं आपल्याकडे घरोघरी आहेत: ‘तुर्कनामा’, ‘ग्रीकांजली’, ‘इजिप्तायन’. एकेका देशाला एक अख्खं पुस्तक! ती चवीने वाचणारा वाचक स्वतःच्या बेतात मात्र ग्रीसला दीड दिवस देतो, हे मला कोडंच आहे. यावर उत्तर ठरलेलं: त्यांच्याजवळ सवड होती, आमची रजा दहा दिवसांची. कबूल. पण रजा तुटपुंजी म्हणून ठिकाणं वाढवायची, हा कुठला न्याय? रजा जितकी कमी, तितका प्रत्येक मुक्काम बदल महागात पडतो.

खरा आक्षेप दुसराच आहे आणि तो खोडणं सोपं नाही: ‘एवढे पैसे घालतोय, पुन्हा कुठे जायला मिळणार?’ आयुष्यभर पै पै साठवलेल्या माणसाला याबद्दल हसू नये. तरीही हिशोब तपासावा. विमानभाडं आणि व्हिसा एकदाच भरायचा, म्हणून त्यात जोडलेला जादा देश फुकट पडतो, असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला रेल्वेचं किंवा विमानाचं भाडं, नवं हॉटेल आणि अर्धा दिवस लागतो. शिवाय ‘पुन्हा कुठे’ हे आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४मध्ये ८० युरोंवरून ९० झालं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी दारही थोडं किलकिलं केलं. तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले असतील, तर त्यानंतर दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करता येईल असा व्हिसा मिळू शकतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हेसुद्धा मुक्कामावर ठरतं: जिथे सर्वाधिक राहणार, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असले तर जिथे आधी उतरणार, तिथे. म्हणजे दूतावासालाही तुमचा मुख्य मुक्काम कुठे, हे आधी हवं असतं.

ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांना आणि पथ्याचं जेवण लागणाऱ्यांना सामुदायिक सहलच बरी, याबाबत वाद नाही. फक्त पुस्तिका वाचताना ठळक अक्षरांतली शहरं सोडून बारीक मजकूर आधी वाचावा. एखादी वास्तू आतून दाखवणार, बसमधून दाखवणार की बाहेर फोटोपुरतं उतरवणार? हॉटेल शहरात आहे की तासभर लांब, जिथून संध्याकाळी पायी कुठेच जाता येणार नाही? सकाळी बॅगा दाराबाहेर किती वाजता ठेवायच्या आणि तसे दिवस एकंदर किती? बुकिंगची रक्कम भरण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं लेखी मागून घ्यावीत.