जुनी रायफल : वारसा की जोखीम?

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे जी ऐतिहासिक शस्त्रे श्रद्धेने जपली आहेत, त्यांत तलवारी, ढाल आणि धनुष्यबाणांबरोबर तोड्याची एक बंदूकही आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि औसा येथील किल्ल्यांत जुन्या तोफा आजही पाहावयास मिळतात. जुन्या शस्त्रांविषयीचे कुतूहल या भूमीला नवे नाही. मात्र तोफ किल्ल्यात असते आणि तलवार देवघरात. एखाद्या पडक्या वाड्याच्या माळवदाखाली, फडताळात गुंडाळून ठेवलेली आजोबांची रायफल सापडली, तर काय करायचे हे घरातील कोणालाच ठाऊक नसते. कोणी ती तशीच लपवून ठेवतो, तर कोणी भीतीपोटी विहिरीत टाकतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

अशा जुन्या शस्त्रांमध्ये संग्राहकांना विशेष मोह पाडणारा प्रकार म्हणजे 'रिमफायर' रायफल. हे नाव काडतुसाच्या रचनेवरून पडले आहे. साध्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक छोटी टोपी असते. तिच्यावर आघात झाला की बार उडतो. रिमफायर काडतुसात अशी टोपी नसते. त्याच्या बुडाची कड आतून पोकळ असून त्या पोकळीत स्फोटक द्रव्य भरलेले असते. रायफलीचा आघातक खिळा ही कड चेपतो आणि आतील दारू पेटते. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास या कल्पनेला आकार दिला. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये 'पॉइंट टू टू शॉर्ट' हे काडतूस आणले. आज सर्वत्र वापरात असलेले 'पॉइंट टू टू लाँग रायफल' हे काडतूस १८८७ चे आहे.

एके काळी मोठ्या मापाची रिमफायर काडतुसेही होती. १८६० ची अमेरिकन हेन्री रायफल त्याच जातीची. परंतु खिळ्याने चेपता यावी म्हणून काडतुसाची कड पातळ ठेवावी लागते आणि पातळ पत्रा अधिक दाब सोसू शकत नाही. त्यामुळे मोठी मापे मागे पडली. दाब कमी, आवाज कमी आणि काडतूस स्वस्त, या गुणांवर पॉइंट टू टू मात्र टिकले. बोअर युद्धानंतर सर्वसामान्य नागरिकालाही नेमबाजी आली पाहिजे, असा विचार ब्रिटनमध्ये बळावला आणि बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. सारख्या कारखान्यांनी हलक्या सरावाच्या रायफली मोठ्या प्रमाणावर बनविल्या. भारतात एनसीसीच्या लाखो छात्रांनी याच मापाच्या रायफलीवर पहिला नेम धरला आहे.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जहागीरदार, देशमुख आणि सधन शेतकरी यांच्या घरी शिकारीची बंदूक हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. मोठ्या शिकारीसाठी मोठी रायफल, तर मुलांना नेम शिकविण्यासाठी आणि पिकांवर उतरणाऱ्या पाखरांसाठी लहान मापाची, अशी विभागणी असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले आणि या रायफली कपाटात गेल्या. पुढे कर्ती माणसे निवर्तली, वाटण्या झाल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तर लातूर-धाराशिव परिसरातील दगडमातीची असंख्य घरे कोसळली. अशा उलथापालथीत वस्तूबरोबरचे कागद हरवतात. शस्त्राच्या बाबतीत कागद हरवणे हीच खरी आपत्ती ठरते.

जुनी म्हणून मुक्त नव्हे

'रायफल शंभर वर्षांची आहे, तिला परवाना कशाला?' हा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धवट माहितीवर आधारलेला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सवलत दिलेली आहे. पण त्यास एक अट आहे. ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. संग्राहकाची कोंडी येथेच होते. रायफल जितकी निर्दोष, तितके तिचे मोल अधिक आणि तितकीच ती कायद्याच्या सवलतीपासून दूर! त्यातही पॉइंट टू टूची काडतुसे आजही तयार होतात. त्यामुळे १९१० ची सुस्थितीतील रायफल कायद्याच्या दृष्टीने कालची रायफलच असते. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे.

परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास वारसांनी शस्त्र घरात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात वारसा हक्काने परवान्यासाठी अर्ज करावा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर हयातीतही ते वारसाच्या नावे करण्याची सोय आहे. वडीलधारी मंडळी असतानाच हे काम उरकणे शहाणपणाचे. २०१९ नंतर एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारशाने आलेली शस्त्रेही त्याच मर्यादेत मोजली जातात. शासनमान्य रायफल क्लबच्या सदस्यांना नेमबाजीच्या सरावाच्या पॉइंट टू टू रायफलीपुरती या संख्येतून सूट आहे, परवान्यातून नव्हे.

खरेदीचा मार्गही एकच. विकणारा परवानाधारक आणि घेणाराही परवानाधारक हवा. खासगी व्यक्तीने विक्रीपूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबणे आवश्यक आहे. जुन्या बाजारात किंवा भंगारात 'शोभेची' म्हणून मिळणारी रायफल कितीही स्वस्त असली तरी तिला हात लावू नये. शिवाय शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशी पुराणवस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही.

पारख आणि निगा

अस्सल सुस्थिती ओळखण्यास अनुभवी नजर लागते. पोलादावरील मूळ निळसर झाक ठिकठिकाणी सारखी झिजलेली असावी. एकसारखी चकाकी बहुधा नव्याने केलेल्या पॉलिशची साक्ष देते आणि त्याने मोल वाढण्याऐवजी घटते. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या नसाव्यात, सुट्या भागांवरील क्रमांक एकमेकांशी जुळावेत आणि परीक्षणगृहाचे शिक्के घासले गेलेले नसावेत. नळीतील आटे स्वच्छ हवेत. जुन्या काडतुसांतील स्फोटक द्रव्याचा क्षार नळीत राहून गंज चढवीत असे, त्यामुळे बाहेरून सुंदर दिसणारी रायफल आतून पोखरलेली निघते. रिमफायरमध्ये आणखी एक दोष तपासावा लागतो. काडतूस न घालता चाप वारंवार ओढल्यास खिळा थेट नळीच्या तोंडाच्या कडेवर आदळतो आणि तेथे खळगा पडतो. म्हणून रिकामी रायफल 'चालवून दाखविण्याचा' मोह आवरावा. ती रिकामी आहे, हेही प्रथम जाणकाराकडूनच तपासून घ्यावे.

मराठवाड्याचे हवामान दुहेरी परीक्षा घेते. उन्हाळ्यात लाकडी दस्ता आकसतो व तडकतो, तर पावसाळ्यात पोलाद गंजते. चामडी गवसणी दिसायला भारदस्त, पण ती ओल धरून ठेवते; रायफल तिच्यात वर्षानुवर्षे ठेवू नये. खाण्याचे तेल चोळल्यास ते कालांतराने चिकट होते. खनिज तेलाचा पातळ हात आणि हवेशीर, कुलूपबंद कपाट पुरेसे असते. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावे लागल्यास त्याच्या स्थितीची नोंद व छायाचित्र जवळ ठेवावे.

ज्यांना परवाना नको असेल त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत : अधिकृत विक्रेत्यामार्फत परवानाधारकास विक्री, किंवा प्रशासनाच्या परवानगीने वस्तुसंग्रहालयास दान. नळीला भोक पाडून रायफल स्वतःच निकामी करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण त्याने वस्तूचे ऐतिहासिक मोल कायमचे नष्ट होते. वारसा जपायचा तर लोखंडाइतकेच कागदही जपावे लागतात. परवान्याचे जुने पुस्तक, खरेदीची पावती, आजोबांचे बंदुकीसह छायाचित्र ही सारी त्या रायफलीची वंशावळ आहे. ती घरातील वृद्धांना आजच विचारून लिहून ठेवली, तर उद्या फडताळ उघडणाऱ्या नातवाला घाबरून विहीर शोधावी लागणार नाही.