कर्णनाद व श्रवणरक्षण
मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. परंतु त्याची जवारी आजही कानानेच पारखावी लागते. असा कान गोंगाटाने बिघडल्यास हानी भरून येत नाही, कारण अंतःकर्णातील केशपेशी नष्ट झाल्यावर पुन्हा निर्माण होत नाहीत. ही उणीव मेंदू भरून काढू पाहतो व बाहेर ध्वनी नसताही नाद ऐकू येतो, असे मानले जाते. यालाच कर्णनाद म्हणतात. म्हणून ८५ डेसिबेलहून मोठ्या आवाजात दीर्घकाळ राहू नये. राहणे भाग असल्यास कर्णरोधक वापरावेत. मात्र शांत जागी कान बुजविल्यास नाद अधिकच जाणवतो व कान हळवे होतात. अशा वेळी तंबोऱ्याचा मंद स्वर सोबतीस असावा. ऐकू येणे एकाएकी कमी झाल्यास कर्णतज्ज्ञास त्याच दिवशी गाठावे.