आधी कान, मग पान

मोताळ्याकडचे मूल घरी ‘डोया’ ऐकते आणि शाळेच्या पुस्तकात ‘डोळा’ वाचते. ऐकलेले आणि वाचलेले यांची सांगड ते रोज घालते. आपण मात्र ‘अशुद्ध बोलू नकोस’ म्हणून त्याला गप्प करतो. परकी भाषा शिकताना हाच तयार कान कामी येतो, हे विसरतो.

इटालियनचेच पाहा. ती बरीचशी लिहिल्याबरहुकूम उच्चारली जाते, म्हणून थोड्याच दिवसांत पान घडाघडा वाचता येते. अर्थ मात्र लागतोच असे नाही. ऐकताना तर शब्द कुठे संपला तेही कळत नाही. तिथे ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा! ‘सखा’ आणि ‘सख्खा’ यांत गल्लत न करणाऱ्या मराठी कानाला हा फरक ओळखीचा. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले दोन्ही ‘च’ही तिथे ‘पित्सा’ आणि ‘चाओ’मध्ये भेटतात.

तेव्हा इटालियन असो वा इंग्रजी, आधी ऐकावे, मग तोच मजकूर वाचावा, शेवटी पुस्तक मिटून पुन्हा ऐकावा. आणि मूल ‘डोया’ म्हणाले तर हसू नये. ‘पुस्तकात कसे लिहिलेय, दाखव बरं,’ एवढेच म्हणावे.