बाळाच्या रडण्याचा आलेख

तिन्हीसांजा झाल्या, देवापुढे दिवा लागला, की तुमच्या घरातले महिन्याभराचे बाळ रडू लागते काय? पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, लालबुंद होते. पाजले, खांद्यावर घेतले, तरी थांबत नाही. आजी म्हणते दृष्ट लागली, शेजारच्या काकू म्हणतात पोट दुखते. आई दमून म्हणते, "दिवसभर रडतो आहे हो!"

खरेच दिवसभर? हे तुम्हाला मोजता येईल.

आलेखाचा कागद घ्या. एका दिवसाची एक ओळ, ओळीत 96 चौकोन, म्हणजे प्रत्येक चौकोन 15 मिनिटांचा. रडणे लाल, झोप निळी, दूध पिणे हिरवे. चौकोन त्या त्या वेळीच रंगवा. रात्री आठवून भरलेला कागद फसवतो, कारण दमलेल्या माणसाला रडणेच तेवढे आठवते. (रात्री दोनचे चौकोन बाबांकडे सोपवा!) पंधरवड्याने ओळी एकाखाली एक पाहा. बहुधा लाल रंग संध्याकाळच्या बाजूला दाटलेला दिसेल.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 80 बाळांच्या आयांकडून अशाच नोंदी ठेवून घेतल्या आणि 1962 मध्ये प्रसिद्ध केल्या. ही बाळे निरोगी होती. तरी दुसऱ्या आठवड्यात ती दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास. पुढे रडणे उतरत जाऊन बाराव्या आठवड्यापर्यंत तासाच्या आत आले. निरोगी बाळ दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक रडत असेल, तर त्याला डॉक्टर 'कॉलिक' म्हणत आले आहेत. त्याचे एकच एक कारण अजून सापडलेले नाही.

आता गंमत पाहा. सातव्या आठवड्यात कोणी घुटी दिली, कोणी दृष्ट काढली, तर रडणे कमी होणारच! श्रेय मात्र घुटीला. म्हणून उपायाचा दिवसही कागदावर लिहा आणि उतार आधीच लागला होता का, ते तपासा.

ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध न पिणे, यांपैकी काही दिसले तर कागद बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जावे. आणि कोणी कितीही वैतागले तरी बाळाला गदागदा हलवू नये. मेंदूला इजा होते.

बाळ महिनाभर आधी जन्मले असेल, तर सहा आठवडे जन्मतारखेपासून मोजू नका. डॉक्टरांनी बाळंतपणाची जी तारीख दिली होती, तिच्यापासून मोजा.