सिगारेटच्या धुरातील रसायने आणि रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराची हानी

प्रस्तावना :
धूम्रपानाचे दुष्परिणाम म्हटले की प्रथम फुप्फुसाचा कर्करोग आठवतो. प्रत्यक्षात धूम्रपानामुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटाही फार मोठा आहे. या विकारांचा प्रारंभ रक्तवाहिनीच्या आतील अतिशय पातळ थरापासून होतो. हा थर धुरामुळे कसा बिघडतो आणि 'दिवसाला एखादीच ओढतो' हा युक्तिवाद का टिकत नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अंतःस्तराचे कार्य :
रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचा एकपदरी थर असतो. त्यास अंतःस्तर (एंडोथेलियम) म्हणतात. हा थर म्हणजे केवळ अस्तर नव्हे. अॅसिटिलकोलीनमुळे रोहिणी शिथिल होण्यासाठी तो शाबूत असावा लागतो, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. त्यामागील पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे पुढे सिद्ध झाले. या विषयातील संशोधनासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा वायू रोहिणी रुंदावतो, रक्तबिंबिकांना परस्परांस चिकटू देत नाही आणि पांढऱ्या पेशींना भित्तिकेपासून दूर ठेवतो.

हानीची प्रक्रिया :
धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात. त्यांपैकी मुक्त मूलके, अॅक्रोलीनसारखी अल्डिहाइडे आणि कॅडमियमसारखे धातू अंतःस्तरास विशेष घातक ठरतात. ही हानी पुढील टप्प्यांनी समजून घेता येते.

१) सुपरऑक्साइड हे मूलक नायट्रिक ऑक्साइडशी संयोग पावते व त्यापासून पेरॉक्सिनायट्राइट हा दाहक पदार्थ तयार होतो. परिणामी संरक्षक वायू घटतो.

२) पेरॉक्सिनायट्राइटमुळे नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकराचा सहघटक नष्ट होतो. मग तेच विकर सुपरऑक्साइड निर्माण करू लागते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार होय.

३) पेशींच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने वाढतात. पांढऱ्या पेशी तेथे अडकून भित्तिकेत शिरतात, ऑक्सिडीकृत मेद गिळतात आणि रोहिणीकाठिण्याचा पाया घातला जातो.

४) धुरातील धातूंमुळे पेशींच्या अंतर्गत सांगाड्यातील प्रथिनांचे ऑक्सिडीकरण होते. पेशी आक्रसतात व त्यांच्यामध्ये फटी पडतात.

मात्रेचा प्रश्न :
दिवसाला वीसऐवजी एकच सिगारेट ओढल्यास धोका विसाव्या हिश्श्यावर येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अनेक अभ्यासांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, रोज एक सिगारेट ओढणाऱ्यास वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा अतिरिक्त हृदयविकाराचा धोका असतो. अंतःस्तर अल्प मात्रेनेही बिघडतो, हे यामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. इतरांचा धूर सतत श्वासात घेणाऱ्या तरुणांमध्येही रोहिणी रुंदावण्याची क्षमता घटलेली आढळली आहे. विडीचा धूरही याला अपवाद नाही.

समारोप :
शैक्षणिक संस्थांच्या १०० यार्डांच्या परिसरात तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस २००३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तथापि विद्यार्थ्याची पहिली सिगारेट केवळ कायद्याने थांबत नाही. 'पुढे कधीतरी कर्करोग होईल' या इशाऱ्यापेक्षा 'रोहिणीतील बिघाड आजच सुरू होतो' हे सत्य त्याला अधिक भिडू शकेल. धूम्रपान सोडल्यास अंतःस्तराचे कार्य सुधारू लागते व सुमारे वर्षभरात हृदयविकाराचा अतिरिक्त धोका निम्म्यावर येतो, हेही त्याला सांगितले पाहिजे. प्राध्यापकांनी, मग ते कोणत्याही विद्याशाखेचे असोत, ही दोन्ही सत्ये वर्गात मांडणे अगत्याचे आहे.