रंगाच्या पापुद्र्यातून वीज



पावसाळ्यात महाड-पोलादपूरच्या कोणत्याही वाडीत जा. गोठ्यावर किंवा लाकडांच्या ढिगावर निळे प्लास्टिक अंथरलेले दिसेल. उन्हापावसाने प्लास्टिक फाटते, पण निळा रंग सहजासहजी विटत नाही. प्लास्टिकमध्ये आणि छपाईच्या शाईत वापरला जाणारा हा निळा रंग पुष्कळदा कॉपर थॅलोसायनीन हा असतो. रंगद्रव्यांचा उद्योग रायगड जिल्ह्याला परिचयाचा आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या सुदर्शन केमिकल या कंपनीचे कारखाने रोहा व महाड येथे आहेत. याच निळ्या रंगाने विजेच्या उपकरणांच्या जगात काय केले, ते आज पाहू.

हा पदार्थ १९२७ साली स्वित्झर्लंडमध्ये डीस्बाख आणि फॉन डेर वाइड यांना योगायोगाने मिळाला. त्यांना हवे होते एक रंगहीन संयुग. हाती आली निळी पूड! त्याचा रेणू चपटा, चकतीसारखा असतो. कार्बन व नायट्रोजन यांच्या कड्याच्या मध्यभागी तांब्याचा एक अणू बसलेला असतो.

तो निळा का दिसतो? पांढऱ्या प्रकाशातील नारिंगी-तांबडा भाग तो शोषून घेतो आणि निळा भाग सोडून देतो. विरळ द्रावणात हे शोषण ६८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास एकाच ठिकाणी तीव्र असते. घन पापुद्र्यात मात्र सुमारे ६२० आणि ६९० अशा दोन ठिकाणी उंचवटे दिसतात. याचे कारण असे की, पापुद्र्यात रेणू भाकरीच्या चवडीसारखे एकमेकांवर रचलेले असतात आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवर परिणाम होतो. रचना बदलली की निळ्याची छटाही बदलते.

हा रंग पाण्यात विरघळत नाही. मग काचेवर त्याचा पापुद्रा कसा बसवायचा? निर्वात पात्रात पूड तापवली की ती कापरासारखी न वितळता वायुरूप होते आणि थंड काचेवर जाऊन बसते. या पापुद्र्याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

आता एक प्रयोग करा. तांबड्या दिव्यासमोर निळा जिलेटिन कागद धरा. मग दोन, तीन, चार कागद धरा. प्रत्येक कागद आपल्यापर्यंत आलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा अडवतो. एका कागदातून निम्मा प्रकाश जात असेल, तर चार कागदांतून सोळावा भाग जाईल. आपल्या पापुद्र्याचेही तसेच आहे. शोषण जिथे तीव्र असते तिथे १०० नॅनोमीटर जाडीतून साधारण ३७ टक्के प्रकाश पार होतो, २०० मधून १४ टक्के आणि ३०० मधून केवळ ५ टक्के.

मग पापुद्रा जाडच का करू नये? खरी अडचण इथेच आहे. शोषलेल्या प्रकाशामुळे रेणूत ऋण इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली धन जागा यांची जोडी तयार होते. तिला 'एक्सिटॉन' म्हणतात. ही जोडी जेमतेम दहा-वीस नॅनोमीटर भटकते आणि विझून जाते. त्याआधी ती दुसऱ्या योग्य पदार्थाच्या सीमेवर पोहोचली, तरच तिची फोड होऊन वीज मिळते. म्हणजे प्रकाश शोषायला पापुद्रा जाड हवा आणि वीज मिळवायला पातळ हवा!

१९८६ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत टँग यांनी यातून मध्यम मार्ग काढला. कॉपर थॅलोसायनीनचा पातळ थर आणि त्यावर दुसऱ्या एका रंगाचा पातळ थर देऊन त्यांनी सौरघट बनवला. त्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. पुढे दोन पदार्थ एकमेकांत मिसळून सीमा सर्वत्र पसरवण्याची युक्ती निघाली. इतर रेणू वापरून प्रयोगशाळेत आता १८ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळाली आहे. १९८७ साली टँग व व्हॅन स्लाइक यांनी उलट क्रिया साधली : सेंद्रिय पापुद्र्यांना वीज दिली आणि प्रकाश मिळवला. अनेक मोबाइल फोनांचे पडदे आज याच तत्त्वावर चालतात.

मात्र निळा रंग टिकाऊ असला, तरी घटातील त्याचे सोबती तसे नसतात. ओलावा आणि ऑक्सिजन आत शिरले की धातूचा थर व इतर सेंद्रिय पदार्थ खराब होतात. म्हणून असे घट हवाबंद करावे लागतात. सिलिकॉनचे सौरफलक पंचवीस वर्षे चालतात. या घटांना अजून तेवढे आयुष्य मिळवायचे आहे. हलका, वाकणारा असा घट कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत छपरावर टिकवणे, हे काम पुढच्या पिढीतील भौतिक व रसायन शास्त्रज्ञांसाठी शिल्लक आहे.